सीलबंद दारामागचा बोजा

कारधा हे नाव उरलेल्या महाराष्ट्राच्या कानावर पडते ते पावसाळ्यात, वैनगंगेच्या पाणीपातळीच्या बातम्यांत. एरवी बारा महिने हे गाव जगते ते महामार्गाच्या काठाने. गुजरातेतल्या हजिऱ्याला सुरू होऊन ओडिशात पारादीपला पोचणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा शहर सोडताच इथे वैनगंगा ओलांडतो. जुन्या नकाशांत याच रस्त्याचा क्रमांक ६ होता. भिलाईचे पोलाद याच वाटेने पश्चिमेकडे जाते, नागपूरजवळच्या वाडी-गोंडखैरीच्या गोदामांतला माल पूर्वेकडे निघतो. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यातल्या सळ्या आणि जिल्ह्यातल्या राइस मिलचा तांदूळ यांनाही हाच रस्ता जवळचा.

इथे उभे राहून तासभर ट्रक पाहिले तर त्यांचे दोन सरळ प्रकार पडतात. एक उघडे: फाळके लावलेले, ताडपत्री ओढलेली, रस्सा आवळलेला. दुसरे बंद: कंटेनर, पेटीसारखी बॉडी, टँकर. उघड्या ट्रकचा ड्रायव्हर चहाला उतरला की नकळत गाडीभोवती एक फेरी मारतो, रस्सा ढिला वाटला तर आवळतो, ताडपत्रीचे टोक खोचतो. बंद गाडीच्या ड्रायव्हरला यातले काहीच करता येत नाही. दाराला सील असते आणि ते तोडायची त्याला मनाई असते. आत काय आहे हे बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, लिहिलेले असते. ते कसे रचले आहे, अडकवले आहे की नुसतेच ठेवले आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. तरीही गाडी वळणावर कलंडली तर पहिला जबाब त्याचाच घेतला जातो.

सील म्हणजे एक जाडसर पोलादी खिळा, कडीत अडकवून दाबला की आपोआप बसणारा. काढायचा तर कटरनेच तोडावा लागतो. त्यावर एक क्रमांक असतो आणि तो कागदपत्रांवर उतरवलेला असतो. निर्यातीच्या कंटेनरला लावायच्या सीलची ताकद आयएसओ १७७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहे, आणि कारखान्यातच सील होणाऱ्या निर्यात कंटेनरसाठी भारताच्या सीमाशुल्क खात्याने २०१७ पासून रेडिओ लहरींनी वाचता येणारी इलेक्ट्रॉनिक सील आणली. या सगळ्या व्यवस्थेचा रोख एकाच प्रश्नावर आहे: मध्ये कोणी दार उघडले का? चोरी, अदलाबदल, करचुकवेगिरी यांच्या बंदोबस्ताला ती चांगली आहे. पण आतला माल पहिल्याच करकचून ब्रेकला पुढच्या भिंतीवर जाऊन आदळणार असेल, तरी सील शेवटपर्यंत शाबूत राहते. सील शाबूत आहे म्हणजे माल सुरक्षित आहे, हा समज गोदामाच्या फाटकापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे भेटतो आणि माझ्या मते या विषयातल्या निम्म्या घोळाचे मूळ तिथेच आहे.

दुसरा समज याहून जुना. 'माल जड आहे, हलत नाही.' ऐकायला पटते, पण हिशेब वेगळा आहे. बोजा फळीवर टिकून राहतो तो घर्षणाने. वजन दुप्पट झाले की घर्षण दुप्पट होते, इथवर खरे. पण ब्रेक लागल्यावर बोजाला पुढे रेटणारे जडत्वही त्याच मापाने दुप्पट होते. दोन्ही बाजूंना वजन सारखेच आल्यामुळे ते हिशेबातून निघून जाते आणि उरतो फक्त पृष्ठभाग. तेलकट लोखंडावर लोखंड ठेवले असेल तर घर्षणाचा गुणांक ०.१ च्या आसपास, कोरडे असेल तर ०.२ पर्यंत. लाकडावर लाकूड असेल तर ०.४५ च्या घरात जातो, खाली रबरी चटई असेल तर ०.६ पर्यंत. म्हणजे नुसत्या लोखंडी पत्र्यावर ठेवलेला २५ टनांचा बोजा आणि २५ किलोचा बोजा एकाच ब्रेकला सुटतात. हजारपट वजनाचा काहीही उपयोग होत नाही.

सुटल्यावर काय होते, तेही मोजता येते. समजा, १० टनांचा सळ्यांचा गठ्ठा पुढच्या भिंतीपासून अर्धा मीटर मागे ठेवला आहे आणि मधली जागा मोकळी आहे. ट्रकचा वेग ब्रेकने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराने कमी होतोय, गठ्ठ्याला घर्षण मिळते आहे ०.२ चे. उरलेल्या ०.४ च्या फरकाने गठ्ठा पुढे सरकू लागतो आणि भिंतीला लागतो तेव्हा तिच्या मानाने त्याचा वेग ताशी ७ किलोमीटर असतो. माणूस भरभर चालतो तेवढाच, असे वाटेल. पण १० टन लोखंड २० सेंटीमीटर उंचीवरून खाली टाकावे इतकी ती धडक असते. मोकळी जागा दोन मीटर असेल तर ८० सेंटीमीटरवरून टाकल्याइतकी. त्या भिंतीच्या पलीकडे केबिन असते. सैल बोजाचा पहिला बळी बहुतेकदा तो वाहून नेणाराच असतो, रस्त्यावरचे इतर नंतर.

म्हणून जगभरातल्या नियमांत बोजा बांधण्याची जी मापे आहेत ती सारखीच येतात: पुढच्या दिशेने बोजाच्या वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूंना ०.५ पट जोर सोसेल असे बांधा. युरोपातल्या मानकांत हे आकडे आहेत, अमेरिकेच्या संघीय नियमांत आहेत आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २०१४ मध्ये मिळून काढलेल्या कंटेनर भरण्याच्या संहितेतही रस्त्यासाठी हेच आहेत. २० टनांच्या बोजाला पुढच्या बाजूने १६ टनांचा आधार हवा, असा त्याचा साधा अर्थ. हा आधार बंद कंटेनरमध्ये रस्सा बांधून क्वचितच मिळतो. माल भिंतीला भिडवून रचणे, मोकळ्या जागी लाकडी ठोकळे ठोकणे किंवा हवेने फुगवायच्या जाड पिशव्या भरणे, खाली रबरी चटया टाकणे, हेच त्याचे खरे उपाय. आणि हे सगळे दार बंद होण्यापूर्वीचे आहेत.

वळणाचा हिशेब याहून दगाबाज. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटरने गेले तर बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या ०.२ पट असतो. तेच ताशी ७० ने गेले तर जवळजवळ ०.४ पट. वेग दीडपटही झाला नाही, जोर दुप्पट झाला. उंच भरलेला ट्रक ०.३५ ते ०.४ च्या आसपास कलंडायला लागतो. त्यात आतला माल एका बाजूला घसरला तर तो आकडा आणखी खाली येतो. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये हीच गोष्ट द्रवाने होते. गाडी सरळ झाली तरी आतले पाणी, दूध किंवा तेल अजून वळतच असते. त्यासाठी टाकीत आडव्या भिंती घालतात, पण त्या पुढे-मागे उसळणारा द्रव अडवतात. बाजूंच्या हेलकाव्याला त्यांचा फारसा अटकाव होत नाही.

तांदळाच्या पोत्यांचे दुखणे तिसरेच. डब्यात डाळ भरून डबा ओट्यावर दोनदा आपटला की डाळ खाली बसते आणि वर जागा होते. पन्नास-पन्नास किलोची पाचशे पोती रस्त्याच्या हादऱ्यांनी तशीच बसतात. भरताना घट्ट असलेली थप्पी तासाभराने ढिली होते. उघड्या ट्रकवर रस्सा सैल पडलेला दिसतो आणि ड्रायव्हर तो आवळतो. बंद गाडीत दिसत नाही, इतकाच फरक.

अमेरिकी नियमाने हे ओळखून ड्रायव्हरला सांगितले आहे की निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा बोजा तपासा. पुढे दर तीन तासांनी किंवा दर १५० मैलांनी, किंवा ड्यूटीत बदल होईल तेव्हा, यांतले जे आधी येईल त्या वेळी पुन्हा तपासा. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. नागपूरहून पूर्वेकडे निघालेला ट्रक साठ-पासष्ट किलोमीटरवर कारध्याला येतो. माथनीचा टोलनाका मागे पडलेला असतो, पूल ओलांडून झालेला असतो, अड्याळ-पवनीकडचा फाटा इथूनच फुटतो आणि चहाच्या टपऱ्याही असतात. पहिल्या तपासणीला याहून सोयीची जागा मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

पण त्याच अमेरिकी नियमाला एक अपवाद जोडलेला आहे. गाडी सीलबंद असेल आणि ती उघडून माल तपासू नये असा ड्रायव्हरला हुकूम असेल, किंवा माल असा भरला असेल की तपासणे शक्यच नाही, तर ही तपासणी त्याला लागू नाही. ज्याला पाहू दिले नाही त्याला न पाहिल्याचा दोष देता येत नाही, एवढे साधे तत्त्व. तिथल्या न्यायालयांनी त्याची दुसरी बाजूही सांगितली आहे. १९५३ मध्ये एका अपील न्यायालयापुढे प्रकरण आले: सरकारी विमान इंजिने नेणाऱ्या ट्रकवरून वळणावर बोजा घसरला आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर मेला. न्यायालयाने म्हटले की सुरक्षित भरणीची मूळ जबाबदारी वाहतूकदाराची. पाठवणाऱ्याने स्वतः माल भरला असेल तर आत दडलेल्या, साध्या नजरेला न दिसणाऱ्या दोषांची जबाबदारी त्याची. पण दोष उघड दिसत असेल आणि तरी गाडी हलवली, तर वाहतूकदाराला सुटका नाही. जर्मनीच्या व्यापारी कायद्यात ही वाटणी आणखी सुटसुटीत आहे: माल प्रवासाला टिकेल असा रचणे-बांधणे पाठवणाऱ्याकडे, त्या बोजासह गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल हे पाहणे वाहतूकदाराकडे.

आपल्याकडे काय आहे? १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन रस्त्याने माल वाहतुकीचा २००७ चा कायदा आला. तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यात माल हरवला, मोडला, खराब झाला तर जबाबदारी वाहतूकदाराची, म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीची. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी एवढेच अपवाद; आणि काळजी घेतली असती तर नुकसान टळले असते असे दिसले तर तेही उपयोगाचे नाहीत. पाठवणाऱ्याने आत माल नीट अडकवला नव्हता, असा अपवाद त्या यादीत नाही. मालाचे वर्णन चुकीचे दिले तर होणारे नुकसान पाठवणाऱ्याने भरून द्यावे असे मात्र आहे. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारला की आपण मोकळे, असे काही ट्रान्सपोर्टवाले मानतात. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे की त्या शिक्क्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

हे झाले मालाचे. माणसाला इजा झाली की चाक ड्रायव्हरकडे वळते. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याचे, कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे; दुसऱ्यात पाच वर्षांपर्यंत कैद. पाच गठ्ठे मोकळे ठेवून दार लावणारा गोदामातला माणूस या चौकशीत क्वचितच येतो. जादा वजनाच्या बाबतीत मोटार वाहन कायदा थोडा शहाणा आहे. कलम ११३ प्रमाणे ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. आणि २०१९ पासून कलम १९४ खाली २० हजार रुपये अधिक प्रत्येक जादा टनाला २ हजार असा जो दंड आहे, तो चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्यालाही आहे. बोजा गाडीबाहेर डोकावत असेल तरी २० हजार. पण हे सगळे वजनाचे आणि बाहेर दिसणाऱ्या मापांचे. आतल्या बांधणीबद्दल ०.८ आणि ०.५ सारखा आकडा सामान्य मालासाठी आपल्या रस्त्यावरच्या पोलिसाच्या हाती नाही.

खंत याची आहे की जबाबदारीची अशी वाटणी आपल्याला येत नाही असे मुळीच नाही. धोकादायक मालासाठी ती आपणच केलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १३१ पाठवणाऱ्याची जबाबदारी सांगतो, १३२ गाडीमालकाची, १३३ ड्रायव्हरची. कोणता माल आहे, त्याचा धोका काय, गळती झाली तर काय करायचे, ही माहिती लेखी स्वरूपात पहिल्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायची. ड्रायव्हरने ती केबिनमध्ये ठेवायची, गाडी सुरक्षित जागी उभी करायची आणि निगराणीशिवाय सोडायची नाही. अॅसिडच्या टँकरला जे जमते ते सळ्यांच्या कंटेनरला का जमू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही. सळ्या पेटत नाहीत, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

टँकरच्या बाबतीत आपल्याकडे अनुभवही दारुण आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली आडवा झाला. पेट्रोल गळत राहिले. चार तासांनी स्फोट झाला आणि तिथे जमलेल्यांपैकी काही जण भाजून मेले. गाडी बंद पडून इतका वेळ झाल्यावर ही दुर्घटना मोटार वाहनाच्या वापरातून घडली असे म्हणायचे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये निकाल लागला: होय, म्हणायचे. 'वापर' या कल्पनेचा विस्तार मोठा आहे, उभ्या-आडव्या गाडीतला बोजाही त्यात येतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात म्हणूनच ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघेही येतात. भरणारा तरीही येत नाही.

कायदा कधी बदलेल ते बदलो. सील न तोडता ड्रायव्हरला आज काय कळू शकते? बरेच काही. सपाट जागी उभी गाडी एका बाजूला झुकलेली दिसते. एका बाजूचे टायर जास्त दबलेले असतात, मागचे दार फुगलेले किंवा त्याच्या कड्या ताणलेल्या असतात. फाटकाबाहेर पडण्यापूर्वी आवारातच अगदी कमी वेगात ब्रेक जरा जोरात दाबला आणि आतून 'धप्प' आवाज आला, तर तो बोजा पुढे अडकवलेला नाही. वजनकाट्यावर पूर्ण गाडी चढवण्याआधी फक्त पुढची चाके चढवून आकडा घेतला की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती भार आहे तेही वजाबाकीने निघते. २०१८ च्या अधिसूचनेनंतर दोन टायरांच्या पुढच्या ॲक्सलला ७ टन, चार टायरांच्या एकेरी ॲक्सलला ११.५ टन, जोड ॲक्सलला २१ टन ही मर्यादा आहे. एकूण वजन नियमात आणि एकाच ॲक्सलवर ढीग, असे सर्रास असते. पुढचा ॲक्सल फार हलका असेल तर स्टिअरिंगही हलके लागते, आणि हे ड्रायव्हरच्या हाताला काट्याआधी कळते.

कळल्यावर बोलायचे कोणापुढे, ही खरी अडचण. ड्रायव्हरला भरणीच्या फलाटावर पुष्कळ ठिकाणी येऊच देत नाहीत. तो बाहेर पार्किंगमध्ये झोपलेला असतो, हाक मारून हातात कागद दिले जातात. ट्रकवाल्यांच्या संघटनांची 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही जुनी मागणी आहे ती हमालीच्या, वाराईच्या पैशांसाठी. भरणीचा खर्च मालवाल्याने सोसावा, ट्रकवाल्याच्या भाड्यातून कापू नये, एवढाच तिचा रोख. मला ती मागणी अर्धी वाटते. हमाली मालवाल्याची असेल तर हमालीतली चूकही त्याचीच धरली पाहिजे आणि तसे कागदावर आले पाहिजे. बिल्टीवर एक ओळ पुरते: 'माल पाठवणाऱ्याने भरला व सील केला, ड्रायव्हरने आतून पाहिलेला नाही', शेजारी सीलचा क्रमांक आणि भरणाऱ्याची सही. ही ओळ लिहू देत नसतील तर निदान बंद दाराचा आणि सीलचा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो. दार लागण्याआधी आतला एक फोटो काढू दिला तर उत्तमच, आणि तो पाठवणाऱ्याच्याही फायद्याचा आहे. त्याने नीट रचले असेल तर त्याचा पुरावा तोच.

राहिला सील तोडण्याचा प्रश्न. बऱ्याच ड्रायव्हरांना वाटते की काहीही झाले तरी सीलला हात लावणे गुन्हाच. न्याय संहितेच्या कलम ३३४ मध्ये बंद पेटी किंवा माल ठेवलेले पात्र फोडणे गुन्हा आहे, सोपवलेल्या माणसाने फोडले तर तीन वर्षांपर्यंत कैदही आहे. पण तिथे अप्रामाणिक हेतू किंवा नुकसान करण्याचा उद्देश असावा लागतो. धूर येतो आहे, काहीतरी गळते आहे, दार आतून फुगत चालले आहे, अशा वेळी गाडी वस्तीपासून दूर थांबवून, मालकाला आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन लावून, पोलिसांना बोलावून त्यांच्यासमोर सील काढणे हा प्रकार त्यात बसत नाही. कारध्याच्या हद्दीत असाल तर कारधा पोलीस ठाणे गावातच आहे. सीमाशुल्काचे सील असेल तर त्या खात्याला कळवल्याशिवाय हात लावायचा नाही. पोलिसांनी किंवा कर अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी सील तोडले तर पंचनाम्याची प्रत मागून घ्यायची, जुन्या सीलचे तुकडे टाकून न देता पाकिटात ठेवायचे, नवे सील लागले की त्याचा क्रमांक बिल्टीच्या मागे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची. आणि दार उघडलेच आहे तर आत पाहायचे. रचलेला माल सरकला असेल तर दार पुन्हा लागण्यापूर्वी ठोकळे मागायची तीच एक वेळ असते. त्यानंतर रायपूरपर्यंत ती पुन्हा येत नाही.